मुलीच्या रोजनिशीतले अक्षर

प्रश्न : आमची मुलगी सोळा वर्षांची असून सातव्या वर्षापासून पियानो शिकते आहे. गेल्या वर्षी आम्ही लंडनच्या परीक्षा मंडळाची आठवी ग्रेड उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. सध्या ती अकरावी विज्ञान शाखेत आहे, पण तिचे मन तिथे रमत नाही. तिला पाश्चात्त्य अभिजात संगीतातली मैफलीची पियानोवादक व्हायचे आहे. रोज तीन तासांचा रियाज आम्ही तिच्याकडून करून घेतो. या वयात या मार्गाला लागणे म्हणजे उशीर तर नाही ना? एखादी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली की पुढचे सगळे मार्गी लागते असे ऐकतो, ते खरे आहे का? आणि यावर पोट भरते का? तिची आई म्हणते की आधी पदवी होऊ दे, मग पाहू. आम्ही काय करावे? — एक वडील, पुणे

उत्तर : तुमचे पत्र वाचून झाले तरी त्यातला एक शब्द माझ्या मनातून जाईना. परीक्षा ‘आम्ही’ उत्तीर्ण झालो, रियाज ‘आम्ही’ करून घेतो आणि काय करावे हेही ‘आम्ही’च विचारतो आहोत. त्यामागची तुमची कळकळ मला दिसते. मुलीच्या रियाजासाठी रोज तीन तास देणारे वडील काही घरोघरी सापडत नाहीत. पण पियानोच्या इतिहासात अशाच एका वडिलांची हकिकत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला तुमच्या प्रश्नांकडे वळता येणार नाही.

लायप्झिग शहरात फ्रीडरिश वीक नावाचे पियानोचे शिक्षक राहत असत. पियानो विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा त्यांचा व्यवसायही होता. 1819 साली त्यांना मुलगी झाली, तिचे नाव क्लारा. ती मोठी वादक होणार हे वडिलांनी फार लवकर ठरवून टाकले. 1827 साली, क्लारा आठ वर्षांचीही झालेली नसताना, त्यांनी तिच्या नावाने एक रोजनिशी सुरू केली आणि तिच्यातल्या नोंदी ते स्वतःच लिहू लागले. त्या नोंदी ‘माझ्या मुलीने आज अमुक वाजवले’ अशा नसत. ‘मी’ असे प्रथमपुरुषी, जणू क्लाराच लिहिते आहे अशा थाटात त्या लिहिलेल्या असत. पुढे ती स्वतः लिहू लागली, तेव्हाही वडिलांची नजर त्या वहीवर असेच. तुमच्या पत्रातला ‘आम्ही’ वाचताना मला ही वही आठवली, याचा राग मानू नका.

वीक यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि अनेकांनी ते केलेही आहे. मला मात्र त्यांचे शिकवणे, निदान शिकवण्यापुरते, शहाणपणाचे वाटते. त्या काळी लहान मुलांना आठ-आठ तास पियानोला जुंपणारे लोक होते. वीक क्लाराला रोज तासभर स्वतः शिकवत, दोन तास रियाज करायला लावत आणि उरलेल्या वेळात मोकळ्या हवेत लांबवर चालायला नेत. ऑक्टोबर 1828 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिने लायप्झिगच्या गेवांडहाउस या सभागृहात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवले. अठराव्या वर्षी व्हिएन्नाच्या दरबाराने तिला मानाचा किताब दिला. वडील तिच्यासोबत गावोगाव फिरत, सभागृह ठरवत, पियानो तपासत, तिकिटांचा हिशेब ठेवत, आणि मिळालेले पैसेही तेच ठेवून घेत.

मग 1839 साली ती वडिलांशिवाय पॅरिसला गेली. रॉबर्ट शूमान या वडिलांच्याच एका शिष्याशी तिला लग्न करायचे होते आणि वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. एकटीने तिला काहीच जमणार नाही आणि शेवटी आपल्याला बोलवावेच लागेल, असा त्यांचा होरा होता. त्यांनी तसे बोलावणे यायची वाट पाहिली. ते आले नाही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने परक्या शहरात, परक्या भाषेत, सभागृह मिळवण्यापासून शिकवण्या शोधण्यापर्यंतची सगळी कामे स्वतः निभावली. लग्नाचे प्रकरण कोर्टात गेले, कोर्टाने संमती दिली आणि सप्टेंबर 1840 मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते लग्न झाले. माझ्या समजुतीप्रमाणे गेवांडहाउसच्या रंगमंचावर घडली ती एक विलक्षण गुणी मुलगी. व्यवसाय करणारी पियानोवादक घडली ती पॅरिसच्या त्या मुक्कामात.

पुढचेही थोडे सांगते, कारण ‘कॉन्सर्ट पियानिस्ट’ या शब्दाभोवती आपल्याकडे जी झगमग आहे ती त्याने थोडी कमी होईल. लग्नानंतर नवरा रचना करत बसला की क्लाराला घरातल्या पियानोला हात लावता येत नसे, आणि आपले वादन मागे पडते आहे ही खंत तिने दोघांच्या सामाईक रोजनिशीत लिहून ठेवली आहे. हे अक्षर मात्र तिचे स्वतःचे. 1854 साली रॉबर्टला मनोरुग्णालयात ठेवावे लागले, दोन वर्षांनी तो गेला. पदरी सात मुले होती. सगळ्यांत धाकटे तान्हे असतानाच तिने पुन्हा दौरे सुरू केले, आणि ते कलेच्या ओढीइतकेच घर चालवण्यासाठी होते. तिच्या मैफलींच्या 1300 हून अधिक कार्यक्रमपत्रिका आज जपून ठेवलेल्या आहेत. हाताच्या दुखण्यामुळे 1870 च्या दशकात तिला वर्षभराहून अधिक काळ थांबावे लागले. 1878 पासून तिने फ्रँकफर्टच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकवण्याची नोकरी धरली, आणि शेवटची जाहीर मैफल 1891 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी केली. दौरे, शिकवण्या, दुखरा हात, मुलांची आजारपणे आणि या सगळ्यातून काढलेला रियाज, असे ते आयुष्य होते. विमाने आणि ईमेल आले, तरी या व्यवसायाचा सांगाडा फारसा बदललेला नाही.

हे मी बाहेरून सांगत नाही. गेली तीसएक वर्षे मी मुंबईत पियानो शिकवते आणि गायकांना, व्हायोलिनवादकांना साथ करते. माझ्या स्वतःच्या एकल मैफली आयुष्यभरात मिळून चाळीसही भरणार नाहीत. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. एका शहरातल्या सभागृहात मी दुपारी पोहोचले तेव्हा पियानोवर प्लास्टिकच्या फुलांची परडी ठेवलेली होती आणि झाकणावर चहाच्या कपांची वर्तुळे उमटलेली होती. ट्यूनर सकाळीच येऊन गेला, असे व्यवस्थापकांनी सांगितले. मी मधल्या सप्तकात हात फिरवला तर एफ शार्पची पट्टी दाबली की वर येईना. पावसाळी हवेने लाकूड फुगले होते. मी कार्यक्रमाची सुरुवात ज्या रचनेने करणार होते तिच्यात तो स्वर जवळजवळ प्रत्येक ओळीत येतो. वीस मिनिटे हातात होती. तेवढ्यात मी रचनांचा क्रम बदलला आणि जिथे जमेल तिथे ती पट्टी मोकळ्या राहिलेल्या अंगठ्याने हलकेच वर ढकलण्याची युक्ती बसवली. तरीही त्या संध्याकाळी श्रोत्यांनी काय ऐकले ते मला ठाऊक नाही, कारण माझे अर्धे लक्ष त्या एका पट्टीवर होते. सतारिया स्वतःची सतार मांडीवर घेऊन बसतो, तबलजी स्वतःचा तबला स्वतः मिळवतो. पियानोवादकाला दर संध्याकाळी परके वाद्य आपले म्हणावे लागते. 1986 साली जगद्विख्यात पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ मॉस्कोला गेले तेव्हा स्वतःचा पियानो बरोबर घेऊन गेले होते. पण त्यासाठी आधी होरोविट्झ व्हावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या संगीतात वाढलेल्या घरांना चटकन लक्षात येत नाही. आपला गवई राग मांडतो तेव्हा त्या क्षणी सुचलेल्या जागा घेतो. एखादी जागा निसटली तर दुसरी घेऊन समेवर येतो, आणि श्रोत्याला ते कळतही नाही. पियानोवादकापुढे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो, जाणत्या श्रोत्याला तो पाठ असतो, आणि एकल मैफलीत वादकाने सत्तर-ऐंशी मिनिटे समोर कागद न ठेवता वाजवावे अशी प्रथा आहे. (ही प्रथा रूढ करणाऱ्यांत क्लाराही होती, 1837 साली बर्लिनमध्ये ती नोटेशनशिवाय वाजवायला बसली तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला होता.) तेवढ्या तयारीसाठी खोलीचे दार लावून, एकाच ओळीचा डावा हात शंभर वेळा सावकाश वाजवत, महिनोन्‌महिने एकटे बसावे लागते. मैफलीनंतर टाळ्या असतात हे खरे; त्यानंतर हॉटेलची खोली असते, थंड झालेले जेवण असते आणि सकाळची गाडी असते. मार्था आर्गेरिच यांच्यासारख्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या वादक 1980 च्या दशकापासून एकल मैफली क्वचितच करतात. रंगमंचावर एकटे असणे त्यांना सोसवत नाही, म्हणून त्या इतर वादकांबरोबर वाजवणे पसंत करतात. तुमच्या मुलीला हा एकांत आवडतो का? दार लावलेल्या खोलीत तिसऱ्या तासाला तिचा चेहरा कसा असतो? तुम्ही तिथे बसलेले असताना हे तुम्हाला कळणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेते. उशीर झाला का, याचे उत्तर आठव्या ग्रेडवरून देता येत नाही. त्या परीक्षेत तीन रचना असतात, जेमतेम पंधरा मिनिटांचे वादन असते आणि ते शिकायला मुलांना बहुधा वर्ष मिळते. कन्झर्व्हेटरीच्या प्रवेशपरीक्षेत बाखचा एक प्रिल्यूड आणि फ्यूग (जोडीने वाजवायच्या दोन रचना), हायडन, मोझार्ट किंवा बीथोवनचा एक अख्खा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), एक-दोन एट्यूड (तंत्राचा कस पाहणाऱ्या रचना) आणि एखादी मोठी रोमँटिक रचना, असे सगळे एकदम तयार लागते. शिवाय कानाची आणि स्वरशास्त्राची परीक्षा वेगळी. म्हणजे आठवी ग्रेड ही शाळेची परीक्षा झाली, ती चांगल्या गुणांनी झाली याचे कौतुकच आहे, पण तिच्यावरून मैफलीचा अंदाज बांधू नये. वयाचे म्हणाल तर थोर सोव्हिएत पियानोवादक श्व्यातोस्लाव रिख्टर यांचे उदाहरण आहे. पाया वडिलांनी घातला, बाकीचे ते बहुतेक स्वतःच शिकले, कोवळ्या वयात ओडेसाच्या ऑपेरात तालमींना साथ करण्याची नोकरी केली आणि 1937 साली, बावीस वर्षांचे असताना, मॉस्को कन्झर्व्हेटरीत दाखल झाले. व्हिएतनामचे डांग थाय सोन तर युद्धकाळात, संगीतशाळा हनोईहून खेड्यात हलवलेली असताना शिकले आणि 1980 साली वॉर्साची शोपाँ स्पर्धा जिंकणारे पहिले आशियाई ठरले. ही उदाहरणे मी बेताने देते, कारण दोघांच्याही घरात पहिल्या दिवसापासून उत्तम संगीत होते. रिख्टरांचे वडील वादक, डांग यांची आई पियानोची शिक्षिका. तुमच्या मुलीच्या कानावर आजवर काय पडले आहे, तिने किती सोनाटे नुसते वाचून वाजवले आहेत, नव्या रचनेचे पान समोर ठेवले तर ती किती वेगाने वाचते, हे वयापेक्षा महत्त्वाचे आहे. बाखचे 48 प्रिल्यूड-फ्यूग, बीथोवनचे 32 सोनाटे, शोपाँचे 27 एट्यूड, एवढा तर नुसता उंबरठा आहे.

स्पर्धेबद्दल थोडक्यात. शोपाँ स्पर्धा 1927 पासून आहे आणि साधारण पाच वर्षांनी एकदा होते. पहिला क्रमांक एकाला, आणि एखाद्या वेळी कोणालाच नाही. जिंकलेल्यांचेही पुढे सगळे सुरळीत होतेच असे नाही. अमेरिकेचे व्हॅन क्लायबर्न 1958 साली मॉस्कोत चायकॉव्स्की स्पर्धा जिंकले, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढची वीस वर्षे लोक त्यांच्याकडून त्याच त्या दोन कॉन्चेर्टोंची, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायच्या रचनांची, फर्माईश करत राहिले. 1978 मध्ये त्यांनी रंगमंचापासून दूर जाणे पसंत केले. याउलट मॉरिझिओ पोलिनी 1960 साली अठराव्या वर्षी शोपाँ स्पर्धा जिंकले आणि मैफलींच्या मागे धावण्याऐवजी काही काळ बाजूला राहून अभ्यास करत बसले. त्यांची कारकीर्द त्यानंतर अर्धशतकाहून अधिक चालली. स्पर्धेला जरूर जावे, परक्या पियानोवर परक्या लोकांपुढे वाजवण्याची सवय तिथे होते. लग्नाच्या मुहूर्तासारखी तिची वाट पाहत बसू नये.

पोट भरते का? भरते, पण निव्वळ एकल मैफलींवर जगणारे वादक जगभरात मोजके आहेत. बाकीचे शिकवतात, गायकांना आणि नृत्यवर्गांना साथ करतात, त्रिकुटात-चौकडीत वाजवतात, शाळांत नोकरी करतात. आपल्याकडे मुंबईत 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, मुंबई-पुण्यात पियानोच्या शिकवण्यांना कधी तोटा नसतो. पण ऑर्केस्ट्रात पियानोवादकाची कायमची खुर्ची बहुधा नसते, हे लक्षात घ्या. शिकवणे ही दुय्यम गोष्ट आहे असे तुमच्या मुलीला वाटत असेल तर तिला सांगा की 2021 ची शोपाँ स्पर्धा जिंकलेला ब्रूस लिऊ हा डांग थाय सोन यांचाच विद्यार्थी आहे.

शिक्षणाच्या खर्चाने मात्र एकदम हबकून जाऊ नका. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांचे शुल्क अमेरिकेच्या मानाने फारच कमी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1500 युरो भरावे लागतात, आणि त्या राज्यात स्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, कार्ल्सरुहे यांसारख्या चांगल्या संस्था आहेत. फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था 1928 पासून शिकवणीशुल्कच घेत नाही, पण तिथे प्रवेश मूठभरांनाच मिळतो. राहण्याचा खर्च आणि जर्मन भाषा यांची तजवीज वेगळी करावी लागेल.

रियाजाच्या तासांवरून एक काळजीचा मुद्दा राहतो. तीन तास हे प्रमाण वाजवी आहे. ते सहा करू नका, आणि मनगटात किंवा कोपराखाली दुखू लागले तर ‘आज पुरते उरकून घे’ असे मुळीच म्हणू नका. रॉबर्ट शूमान यांचा वादक होण्याचा मार्ग विशीतच उजव्या हाताच्या बोटाने बंद केला; त्यात बोटांच्या व्यायामाच्या एका यंत्राचा दोष होता की आणखी कशाचा, यावर अजून वाद आहे. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची उजव्या हाताची दोन बोटे 1960 च्या दशकात, ऐन भरात असताना आत वळू लागली, आणि पुढची तीसएक वर्षे ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत, शिकवत आणि ऑर्केस्ट्राचे संचालन करत राहिले. माझ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या तोंडावर दुखरा हात लपवला होता. तिला बरे व्हायला आठ महिने लागले, आणि ते दुखणे वेळेवर ओळखले नाही याचा दोष मी स्वतःकडे घेते.

तिच्या आईचे म्हणणे मला अर्धे पटते. बारावी सोडणे शुद्ध वेडेपणा ठरेल, कारण परदेशातल्या बहुतेक संस्था शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला मागतात. परंतु ‘आधी पदवी, मग पाहू’ हा सल्ला या विषयाला लागू पडत नाही. सोळा ते बावीस या वर्षांत हात आणि स्मरणशक्ती जेवढ्या रचना धरून ठेवतात तेवढ्या नंतर धरत नाहीत, आणि अभियांत्रिकीची चार वर्षे संपेपर्यंत ती दारे बरीचशी मिटलेली असतील. माझे मत विचाराल तर तिने विज्ञान शाखा सोडून कला किंवा वाणिज्य घ्यावे, बारावी नीट करावी, आणि तोवर प्रवेशपरीक्षेच्या रचना तयार कराव्यात. परदेशी वादक मुंबईत कार्यशाळा घेतात, तिथे तिने निदान दोन-तीन वेगवेगळ्या जाणकारांसमोर वाजवावे आणि त्यांनी काय सांगितले ते तिने स्वतः ऐकावे, तुम्ही बाहेर थांबावे. एखाद्या गायकवृंदाला किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला तिने वर्षभर साथ करावी. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर वाजवणे तिथे शिकता येते, आणि पहिली कमाईही बहुधा तिथूनच होते. आणि एक छोटी मैफल, पन्नास माणसांची का होईना, तिने सगळी स्वतः करावी. जागा ठरवणे, पियानो तपासणे, ट्यूनरला वेळेवर बोलावणे, आमंत्रणे, कार्यक्रमपत्रिका, शेवटचा हिशेब, सगळे. तुम्ही त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसा. त्या मैफलीनंतरही तिला हेच करायचे असेल, तर माझ्याकडे पुढचे पत्र तिचे येऊ द्या. त्यात तिने सध्या वाजवत असलेल्या रचनांची यादी द्यावी आणि शिकवणीत कोणी न सांगता स्वतःहून बसवलेल्या रचनांवर खूण करावी.

राहिला घरचा पियानो. तो लाकडी अपराइट (भिंतीलगत ठेवायचा उभा पियानो) असेल तर पावसाळ्यात आत तळाशी कमी वॉटचा बल्ब लावून ठेवा, म्हणजे पट्ट्या फुगणार नाहीत, आणि वर फुलदाणी ठेवू नका. पावसाळा सरला की एकदा, आणि पुण्याचा कोरडा उन्हाळा लागला की पुन्हा एकदा ट्यूनर बोलवावा लागेल. तो खर्च मात्र बिनदिक्कत ‘आम्ही’ म्हणून करा.